जुळ्यांपैकी एकच

अहवाल छापून झाला, वाटूनही झाला. पण त्यातला बालकांच्या जन्मवजनाचा तक्ता समोर आला की अजूनही माझं डोकं फिरतं. पाहणीतल्या सगळ्या तालुक्यांत एकाही आईला जुळं झालेलं नाही, असं तो तक्ता सांगतो.

मराठवाड्यातली पाहणी होती, दोन वर्षांखालच्या मुलांची. अंगणवाडी सेविका मोबाइलवर फॉर्म भरत. रेंज गेली की तोच फॉर्म दोनदा पाठवला जाई, त्यामुळे दुबार नोंदी निघणार हे ठरलेलंच होतं. पण प्रत्येक फॉर्मला वेगळा क्रमांक आणि वेगळी वेळ पडते. म्हणून अख्खी ओळ जशीच्या तशी जुळवायला सांगितलं, तर स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरला एकही जोडी सापडेना. मग आमच्या वरिष्ठांनी तीनच रकाने धरले: आईचं नाव, गाव, जन्मतारीख. मुलाचं नाव घेतलं नाही, कारण बारसं न झालेल्या लेकरांच्या पुढे नुसतं ‘बाळ’ लिहिलेलं होतं.

असे मोजकेच रकाने धरून ओळी काढायच्या म्हटलं, की स्टाटा अडून बसतं. बाकीच्या रकान्यांतली माहिती वेगळी असू शकते आणि ती जाईल, म्हणून आज्ञेपुढे ‘फोर्स’ असं मुद्दाम लिहावं लागतं. ते लिहिलं गेलं. प्रत्येक जोडीतली पहिली ओळ राहिली, बाकीच्या गेल्या. पहिली कुठली, तर त्या वेळी फाइल ज्या क्रमाने लागली होती त्यातली.

काढलेल्या ओळी मी वेगळ्या काढून वाचल्या. एका जोडीत आई तीच, गाव तेच, तारीख तीच. वजन मात्र एका ओळीत दोन किलो शंभर ग्रॅम आणि दुसरीत एक किलो साडेसातशे. साडेसातशेवाली ओळ गेली होती. सेविकेला फोन लावला. ती म्हणाली, “अहो ताई, जुळ्या आहेत त्या! दोघींची कार्डं बघून मीच वजनं भरली. धाकटी लई बारीक आहे, तिच्यासाठी तर मी रोज चक्कर मारते.”

मी ती यादी घेऊन वरिष्ठांकडे गेले. “मॅडम, एवढ्या मोठ्या फाइलमध्ये दहा-पाच ओळींनी टक्केवारीला काय फरक पडतो?” म्हणाले. टक्केवारीला नसेल पडत. पण जुळी बरेचदा दिवस भरायच्या आधी जन्मतात, अडीच किलोच्या खाली भरतात. पाहणी कमी वजनाच्या मुलांसाठी, आणि आपण नेमकी तीच घरं निम्मी करायची? मी हे पुनःपुन्हा सांगितलं, लेखी दिलं. “फाइल क्लीन झाली आहे, आता हात लावायचा नाही,” हेच उत्तर. क्लीन! ज्या मुलीकडे सेविका रोज जाते, ती यांच्या लेखी कचरा.

काही खऱ्या दुबार नोंदी मात्र तशाच राहिल्या. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. तिथली सेविका माहेरच्या नावाने लिहिते, सासरची सासरच्या नावाने. बाळ एक, गावं दोन, आईची नावं दोन. अशी जोडी या आज्ञेला दिसतच नाही. इंग्रजीत भरलेल्या यादीत जाधवांचं स्पेलिंग घराघरांत बदलतं. आणि पुढे मोठ्या माणसांची यादी घ्याल, तर शाळेत दाखल करताना गुरुजींनी लावलेली 1 जून ही जन्मतारीख अर्ध्या गावाची निघते, म्हणजे तिथे उलट वेगळी माणसं एकच वाटायची भीती.

दुबार नोंदी काढूच नयेत, असं मी तेव्हा रागाने म्हणाले होते. ते आता मला पटत नाही. त्या काढल्या नाहीत तर एकच मूल दोनदा मोजलं जातं आणि खोटेपणा तिकडूनही येतो. मीही ती आज्ञा सतत वापरते. पण इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर यांनी 1969 साली नोंदी जुळवण्याचं गणित मांडलं, तेव्हाच ‘एकच’ आणि ‘वेगळे’ यांच्यामध्ये तिसरा कप्पा ठेवला होता: माणसाने तपासून ठरवायच्या जोड्यांचा. आमच्याकडे तो कप्पा वेळ वाचवायला उडवतात.

अशा याद्यांवर काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. ओळी लगेच काढू नका, आधी त्यांवर खूण करा. मूळ फाइल जपून ठेवा. ज्या जोडीत वजन किंवा लिंग वेगळं दिसेल, तिथल्या सेविकेला फोन करा. मला उत्तर मिळायला दोन मिनिटंही लागली नव्हती.