'हे'ची फट

आमच्या सिनेगॉगात दिवंगतांच्या नावांचा फलक आहे. त्यावर प्रत्येकाची छोटी पाटी, वर हिब्रू नाव, खाली मराठी. पूर्वी या पाट्या आम्ही दुकानातून करून घेत असू. दुकानदाराला हिब्रू येई, पण मराठी म्हणजे त्याला नुसती नक्षी. कोणाची वेलांटी गळे, कोणाचा अनुस्वार. म्हणून एका बंद होत असलेल्या दुकानातून वापरलेले कोरण्याचे यंत्र विकायला निघाले, तेव्हा आम्ही वर्गणी काढून ते घेतले आणि मागच्या खोलीत मांडले. आम्ही म्हणजे तिघे निवृत्त: दोघी बायका आणि एक भाऊ. पैकी एकीचा जन्म वॉर्डात इंजेक्शने देण्यात गेला, एकीचा शिवणयंत्रावर, आणि भाऊंचा कारखान्यात.

या पाटीचे प्लॅस्टिक दोन थरांचे असते. वरचा थर पातळ, एका रंगाचा. खालचा जाड, दुसऱ्या रंगाचा. आमच्या पाट्या वरून काळ्या, आतून पांढऱ्या. फिरणारा कटर काळा थर कापतो आणि पांढरे अक्षर दिसू लागते. म्हणजे सगळे खोलीवर अवलंबून. कमी कापले तर अक्षर राखाडी, तुटके. जास्त कापले तर पांढरेशुभ्र दिसते, आणि माणसाला वाटते की छान झाले. आमची फसगत तिथेच झाली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पाट्यांचा एक कोपरा सारखा उथळ येऊ लागला. डावीकडची अक्षरे पुसट. आम्ही काय केले? खोलीची चकती थोडी फिरवली. पुढच्या पाटीला आणखी थोडी. अक्षरे ठळक झाली आणि आम्ही समाधानाने चहा प्यालो.

त्याच दिवसांत एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या आईची पाटी करायला दिली. आईचे नाव सारा. शुक्रवारी संध्याकाळी आईच्या स्मरणाचा दिवस सुरू होणार होता, तोवर पाटी फलकावर हवी होती. आम्ही मंगळवारी पाटी दिली. बाईंनी ती चष्म्याजवळ नेली, अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "बाय, माझ्या आईचं नाव सारा. ही सेरह कोण?"

आम्ही पाटी खिडकीशी नेऊन पाहिली. बाईंचे खरे होते. 'हे' आणि 'खेत' जुळ्या बहिणींसारख्या. दोघींना वर छप्पर, बाजूंना खांब. 'खेत'चा डावा खांब छपराला भिडलेला, 'हे'चा सुटा. मध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट, आणि ती आमच्या पाटीवर बुजली होती. 'हे'चे 'खेत' झाले की 'सारा'चे 'सेरह' होते. सेरह ही आशेरची मुलगी, उत्पत्तीच्या ४६ व्या अध्यायात तिचे नाव आहे. चांगलेच नाव, पण त्या बाईंची आई नव्हे. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तिचा फोटो नाही आमच्याकडे. नावच आहे."

त्या रात्री आम्ही कोणी घरी लवकर गेलो नाही.

फट बुजली कशी, ते आधी समजून घेतले. कटरचे टोक निमुळते असते. आमचा ६० अंशांचा. असा कटर जितका खाली जातो तितकी रेघ रुंद होते. भाऊंनी कागदावर हिशेब मांडला. खोली ०.१ मिलिमीटरने वाढली की रेघ सुमारे ०.११५ मिलिमीटरने रुंदावते. आम्हाला ०.२ पुरली असती, आणि चकती फिरवता फिरवता आम्ही ०.५ वर पोचलो होतो. म्हणजे रेघ जवळजवळ ०.३५ ने फुगली. फटीत केसाएवढी काळी पट्टी उरली, ती कटरच्या धक्क्याने उडून गेली.

मग मूळ प्रश्न: एकच कोपरा उथळ का? आमच्यातली वॉर्डवाली म्हणाली, "ताप का आला ते न पाहता आपण औषधाचा डोस वाढवत बसलो." तेव्हा ठरवले, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची.

पहिली तपासणी फुकटची होती. टाकाऊ तुकड्यावर चारही कडांनी सरळ रेघा कोरल्या. मग नवा तुकडा उलट फिरवून, डोके खाली पाय वर, तसाच कोरला. उथळ भाग तुकड्याबरोबर फिरला असता, तर दोष प्लॅस्टिकचा, ते वाकलेले असणार. पण तो यंत्राच्या डाव्या कोपऱ्यातच राहिला. म्हणजे दोष मेजाचा.

दुसरी तपासणी कटरची. जाड भिंगातून टोक पाहिले. तुटलेले नव्हते, पण त्यावर वितळलेले प्लॅस्टिक चिकटले होते. कटर बोथट झाला किंवा फार वेगाने फिरला की प्लॅस्टिक कापले न जाता वितळते. आम्ही टोक साफ केले आणि कटर पकडणारा स्क्रू घट्ट आहे ना तेही पाहिले. तो सैल असेल तर कटर काम चालू असताना हळूहळू वर सरकतो, आणि पहिले अक्षर नीट, शेवटचे उथळ असे होते.

तिसरी तपासणी मेजाची. पाटी आम्ही दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवत असू. मेजावर हात फिरवला तर तीन कोपऱ्यांना जुन्या टेपचे थर राहिलेले, चौथा मोकळा! टेपचा एक थर साधारण ०.१ मिलिमीटर धरला तरी दोन थरांत आमची सगळी खोली संपते. पाटी तीन पायांवर वर आणि चौथ्यावर खाली, आणि आम्ही यंत्राला दोष देत होतो. स्पिरिट आणि कापसाने मेज पुसायला तासभर लागला.

शेवटी आम्ही कटरभोवतीची टोपी पुन्हा बसवली. ही टोपी पाटीच्या पृष्ठभागावर टेकून चालते आणि कटर तिच्याबाहेर ठरावीक अंतरच डोकावतो. पाटी थोडी वरखाली असली तरी खोली सारखी राहते. तिने चकाकत्या पाटीवर ओरखडे येतात म्हणून आम्ही ती काढून ठेवली होती. ओरखडे येत होते खरे, पण तिच्या तळाला कीस अडकत असे म्हणून. शिवाय कीस अडकला की टोपी उचलली जाते आणि कोरणे उथळ होते. आता दर पाटीआधी तळ पुसतो आणि कोरताना कीस ओढून घ्यायला छोटी झाडणी यंत्राची नळी लावतो.

गुरुवारी नवी पाटी केली. आधी तुकड्यावर फक्त एक 'हे' कोरला आणि भिंगाखाली फट पाहिली. शुक्रवारी दुपारी बाई आल्या. पुन्हा बोट फिरवले. काही बोलल्या नाहीत, पाटी ओठांना लावली आणि भाऊंच्या हातात दिली, बसवायला.

आता वाचकांना एक विनंती. सारा, रिव्का, लेआ, हन्ना ही नावे हिब्रूत 'हे'वर संपतात. म्हणजे आमच्या चुकीचा मार जास्त बायकांच्या नावांना बसला. 'हे' नसलेली नावे ठळक कोरली तर ती बहुधा नुसती जाड दिसतात; 'हे' असलेली, विशेषतः आपल्या आयांची आणि आज्यांची, मात्र बदलून जातात. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडून पाटी केलेल्यांनी ती एकदा उजेडात पाहावी. फट दिसत नसेल तर पाटी घेऊन यावी, आम्ही नवी करून देऊ. पैसे घेणार नाही.

चुकलेली पाटी आम्ही फेकली नाही. ती यंत्राशेजारी ठेवली आहे. चकतीकडे हात गेला की आधी तिच्याकडे पाहतो.