कड निवडताना

थ्री-डी मॉडेलिंगमध्ये वेळ कशात जातो, असं विचारलं तर नवखा डिझायनर सांगतो, आकार बनवण्यात. प्लास्टिकच्या भागांचे साचे डिझाइन करणारी मी सांगेन, निवडण्यात. साध्या झाकणाच्या मॉडेलमध्येही शेकडो कडा असतात. कडा गोल करणाऱ्या फिलेटची कमांड क्षणात मिळते. ती कुठल्या कडांना द्यायची, हे सांगण्यात सकाळ सरते.

नेमकं निवडण्याची ही गरज कॅडच्या जन्मापासूनची. १९६३मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत पीएच.डी.साठी स्केचपॅड हा प्रोग्राम सादर केला. त्यात पडद्यावर लाइट पेन टेकवून चित्र काढायचं होतं. हाताने अचूक नेम धरणं कठीण, म्हणून पेन रेषेच्या पुरेसं जवळ आलं की ते रेषेवरच आहे असं धरण्याची सोय त्यांनी केली. आज कर्सर कडेला चिकटतो तो त्याच विचाराने.

ऑटोकॅडमधली निवडीची चौकट सगळे वापरतात, पण ती कुठल्या दिशेने ओढली याकडे फार थोडे लक्ष देतात. डावीकडून उजवीकडे ओढली तर ती निळी असते आणि पूर्ण आत आलेलंच उचलते. उजवीकडून डावीकडे ओढली तर हिरवी, तुटक रेघेची. तिला नुसतं शिवलेलंही उचललं जातं. प्लेटच्या ड्रॉइंगमधली भोकं हवीत, पण त्यांच्याबाहेर गेलेल्या सेंटरलाइन नकोत? निळी चौकट भोकांपुरती ओढा. ताणण्याच्या स्ट्रेच कमांडला मात्र हिरवीच लागते, कारण तिथे अर्धं आत, अर्धं बाहेर असलेलंच ताणायचं असतं.

सॉलिडवर्क्समध्ये एफ-५ दाबलं की निवडीच्या फिल्टरची पट्टी येते. ई दाबलं की फक्त कडा, एक्स दाबलं की फक्त पृष्ठं. फिल्टर चालू असताना कर्सरजवळ छोटं नरसाळं दिसतं. ते न पाहिल्यामुळे माउस बिघडला असं समजून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. एफ-६ने फिल्टर बंद-चालू होतो.

पण निवड म्हणजे नुसता वेग नव्हे. तुम्ही काय निवडलं, हे मॉडेल लक्षात ठेवतं. वरच्या पृष्ठाच्या चार कडा एकेक करून उचलल्या आणि फिलेट दिला, असं समजा. महिन्याभराने ग्राहकाला तिथे खाच हवी असते. फीचर ट्रीमध्ये फिलेटच्या आधी कट घातला की कड तुटते, नव्या कडा जन्मतात आणि त्या फिलेटविना राहतात. कधी फिलेटच एरर देतो. त्याऐवजी अख्खं पृष्ठ निवडलं असतं, तर त्याच्या नव्या कडाही आपोआप गोल झाल्या असत्या. अर्थात त्याच पृष्ठावर स्क्रूचं भोक असेल तर त्याचीही कड गोल होईल. तिथे बाहेरच्या कडेवर राइट क्लिक करून सिलेक्ट लूप वापरायचं आणि लूप भलत्याच पृष्ठाचा धरला गेला तर बाणावर क्लिक करून बाजू बदलायची. माझ्या मते दोन डिझायनरांतला फरक इथे दिसतो: एकाने कडा मोजून उचललेल्या असतात, दुसऱ्याने हेतू सांगितलेला असतो.

एका कडेपासून सलग वळणाने जुळलेल्या पुढच्या कडा आपोआप उचलणारी सिलेक्ट टॅन्जन्सी शॉर्टकट म्हणून शिकवली जाते; मी तिचा तपासणीसाठीही उपयोग करते. ग्राहकाकडून आलेल्या स्टेप फाइलमध्ये पार्टिंग लाइनची, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्या रेषेची, एक कड निवडून ही कमांड द्यायची. डोळ्यांना सलग दिसणारी रेषा मध्येच थांबली, तर तिथे कडा एकमेकींशी सलग वळणाने जुळत नाहीत किंवा केसाएवढी फालतू कड उरलेली आहे, हे समजतं. ते साचा कापण्याआधी कळणं लाखमोलाचं. म्हणून नव्या मुलांना मी आधी काही बनवायला देत नाही. तयार मॉडेल देते आणि पार्टिंग लाइनच्या कडा निवडायला सांगते. रेषा जिथे थांबेल तिथे झूम करून कारण शोधून आणायचं.