वहिनींच्या पेजचं घोडं

आज रात्री वहिनींच्या पुरणपोळ्यांचं फेसबुक पेज उघडायला बसलो. नाव ठरलेलं, फोटो तयार; घोडं अडलं ते कॅटेगरीपाशी. मनाने काही लिहायची सोय नाही. दोन-चार अक्षरं टाइप केली की फेसबुक आपल्या यादीतले पर्याय पुढे करतं आणि त्यातले फार तर 3 घेता येतात.

वहिनींना ‘रेस्टॉरंट’ हवं होतं. वजन येतं म्हणे! पण मग लोक टेबल मिळेल का विचारणार, आणि आमच्या स्वयंपाकघरात दोन पाट मांडले की दार उघडत नाही. ‘बेकरी’ म्हणताच त्या उखडल्या, “भाऊजी, मी काय खारी-बटर विकते?” ‘केटरर’ लिहावं तर शंभर पानांच्या मुंजीची विचारणा यायची. मला विचाराल तर आपला रुबाब बाजूला ठेवावा, गिऱ्हाईक काय शोधत येतं ते बघावं. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर तर मुख्य कॅटेगरी एकच. जोडीला आणखी 9 देता येतात, पण शोधात वजन त्या एकीचंच जास्त. इन्स्टाग्राम त्या मानाने उदार, तिथे निवडलेली कॅटेगरी लपवताही येते.

तूर्त ‘फूड डिलिव्हरी सर्व्हिस’ टाकलंय, नंतर बदलता येतं. पुतण्याची स्कूटर आहेच. पेट्रोल कुणी भरायचं, यावर घरात अजून एकमत नाही.