जुनं भूत, नवं अंग

राग नेमका कशाचा येतो, हे धड कुणालाच सांगता येत नाही. जुना भयपट जागेवरच असतो. टीव्हीवर तो लागतो, मोबाइलवर हवा तेव्हा सापडतो, त्यातलं एक दृश्यही कुणी खोडलेलं नसतं. तरी त्याचा नवा अवतार आला की चाहते घरात चोरी झाल्यासारखे कळवळतात. ‘पहिल्याची सर नाही’ हे वाक्य बरेचदा नवा सिनेमा पाहण्याआधीच तयार असतं. चोरी झाली म्हणावं, तर गेलं काय? आणि काही गेलंच नसेल, तर हा कळवळा खोटा म्हणायचा का? तो खोटा नाही. सगळं तिथेच अडतं.

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या माणसाला ‘लपाछपी’ कळायला वेळ लागत नाही. विशाल फुरिया यांचा हा मराठी भयपट २०१७ साली आला. गरोदर नेहा आणि तिचा नवरा शहरातून जीव वाचवून पळतात आणि उसाच्या फडांमध्ये दडलेल्या एका घरात आसरा घेतात. पूजा सावंतची नेहा आणि उषा नाईक यांची तुळसाबाई, या दोघींवर सिनेमा उभा आहे. फड उसाचा असला तरी रावेर-यावलकडचा प्रेक्षक त्याच्या जागी आपली केळीची बाग पाहतो. मृगबाग असो की कांदेबाग, डोक्यावर वाढलेल्या बागेत शिरलं की चहूबाजूंना सारख्याच अंतरावर सारखीच खोडं दिसतात. वाळलेली पानं एकमेकांवर घासून वाजत राहतात. भर दुपारी खाली अंधारून असतं. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत मिळे तेव्हा पाणी भरायला बॅटरी घेऊन एकट्यानेच आत जावं लागे, आणि ओळखीच्या बागेत वाट चुकली की म्हणत, चकवा लागला. चकवा दिसत नाही, अंगावर येत नाही. माणसाला त्याच्याच वावरात तो फिरवत ठेवतो, एवढंच.

चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, फुरिया यांनीच हा सिनेमा हिंदीत ‘छोरी’ या नावाने पुन्हा केला. नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ आल्या. ऊस तोच, गोष्ट तीच, दिग्दर्शकही तोच. मूळ कलाकृतीशी बेइमानी झाली, असं म्हणायला इथे कुणाकडे बोट दाखवणार? तरीही ज्यांनी आधी मराठी पाहिला होता, त्यांच्यातल्या अनेकांना ‘लपाछपी’च जास्त भिडला.

याचं एक कारण बहुधा सिनेमाच्या बाहेर आहे. त्यातली भुतं जन्माला येताच मारलेल्या मुलींच्या गोष्टीतून आलेली आहेत. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या, राज्याचा आकडा ८९४ होता. म्हणजे तुळसाबाई मराठीत बोलते तेव्हा ती शेजारच्या घरातून बोलते. तीच बाई उत्तरेकडच्या खेडवळ हिंदीत बोलू लागली की मराठी प्रेक्षकाला सुटायला फट मिळते. ‘तिकडे असं चालतं’ असं मनाशी म्हणता येतं. भीती तेवढीच राहते, पण पत्ता बदलतो. हे खरं असेल तर चाहत्याच्या रागात थोडा न्याय आहे. पण ‘छोरी’ ओटीटीवरून जिथवर गेली, तिथवर ‘लपाछपी’ कधी गेला असता? ज्या मुलखातही ते भूत खरोखर राहतं, तिथल्या भाषेत ते पोचवणं ही गोष्टीशी बेइमानी कशी होईल? दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि दोन्ही एकदम खऱ्या कशा असतील, हे कळत नाही.

‘झपाटलेला’कडे वळलं की गुंता वाढतो. महेश कोठारे यांचा हा १९९३चा सिनेमा मराठी घरांत इतका मुरलेला आहे की तात्या विंचू कोण हे सांगावं लागत नाही. दिलीप प्रभावळकरांचा तात्या, रामदास पाध्ये यांचं बाहुलं, लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, ही कल्पना मात्र १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी सिनेमातली. त्यातला चकी दिसला की मराठी माणूस पटकन म्हणतो, हा तर तात्या विंचू! ज्याची नक्कल झाली, तोच नकलेसारखा दिसू लागतो. २०१९ मध्ये ‘चाइल्ड्स प्ले’ अमेरिकेत नव्याने काढला गेला. तिथला बाहुला आता हुशार यंत्र होता. आत्मा नाही, मंत्र नाही, बिघडलेली यंत्रणा तेवढी. चकीचे चाहते बिथरले, चकीचा जनक डॉन मॅन्सिनी यानेही उघड नापसंती दाखवली. सावद्यात बसलेल्या तात्या विंचूच्या चाहत्याला ती नापसंती अगदी आतून पटते. मंत्राशिवाय बाहुला कसला?

मात्र पटताना हेही आठवावं लागतं की त्याचा स्वतःचा लाडका सिनेमा दुसऱ्याच्या कल्पनेवर वाढलेला आहे. अशी उदाहरणं जगभर आहेत. मुर्नावचा ‘नोस्फेराटू’ १९२२ साली ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता काढला गेला. कादंबरीकार ब्रॅम स्टोकरच्या विधवा पत्नीने दावा लावला, प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या आणि आज तोच सिनेमा भयपटांच्या पूर्वजांत गणला जातो. जॉन कार्पेंटरचा १९८२चा ‘द थिंग’ ही १९५१च्या सिनेमाची नवी आवृत्तीच. आला तेव्हा तो लोकांनी नाकारला होता, पुढे चाहते त्याच्याच राखणीला बसले.

मराठीत एक म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. घाबरणाऱ्यालाच भूत गाठतं, एवढ्यावर ती संपवून टाकतात. पण या प्रश्नासोबत ती डोक्यात शिरली की सहजी निघत नाही.

पहिली गोष्ट, तो पाठीमागे का? समोर का नाही? समोरच्या भुताशी निदान काही व्यवहार होतो. पळता येतं, ओरडता येतं, रामाचं नाव घेता येतं. पाठीमागचं भूत फक्त वळून न पाहण्यातच जिवंत राहतं. भयपट बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते पात्राच्या खांद्यामागची जागा मोकळी ठेवतात, आणि प्रेक्षक त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहतो. जुन्या थिएटरात प्रेक्षकाच्या स्वतःच्या पाठीमागे माणसं असत. व्हीसीआर भाड्याने आणून गल्लीने मिळून पाहिलेल्या पिक्चरलाही अंगणभर माणसं असत, कुणाच्या तरी आजीच्या मांडीला टेकून पाहणारी पोरं असत. आज मोबाइलवर एकट्याने पाहताना पाठ उघडी पडते. मग नव्या प्रेक्षकाला जास्त भीती वाटायला हवी. तसं झालेलं दिसत नाही. कदाचित भ्यायलासुद्धा सोबत लागते.

दुसरी गोष्ट, ब्रह्मराक्षसच का? भित्याला साधा मुंजा पुरला असता, चकवाही पुरला असता. लोकांच्या गोष्टींतला ब्रह्मराक्षस म्हणजे विद्वान भूत. ज्याने विद्या मिळवली पण कुणाला दिली नाही, तो मेल्यावर पिंपळावर अडकतो, अशी कथा ठिकठिकाणी सांगतात. त्याला सगळं पाठ असतं. योग्य शिष्य भेटून ती विद्या पुढे गेली तरच त्याची सुटका. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी या भुतावर कविता लिहिली. मराठी घरातल्या या कवीचे पूर्वज जळगावहून ग्वाल्हेरकडे गेले होते. तापीकाठच्या कुठल्या पिंपळाची गोष्ट त्या घराने सोबत नेली असेल का? पुरावा नाही, पण वाटत राहतं.

आणि मग म्हण उलटी फिरते. ज्याला सिनेमा पाठ आहे, कुठल्या क्षणी दार करकरतं, कुठे दिवा जातो, कुठे संगीत थांबतं हे सगळं मुखोद्गत आहे, तो चाहता कोण? भित्या की ब्रह्मराक्षस? एके काळी तो भित्या होता. आता त्याची भीती उरलेली नाही, त्या जागी ज्ञान साठलं आहे, आणि ते द्यायला कुणी समोर नाही. पुतण्याला, भाचीला शेजारी बसवून जुना सिनेमा दाखवावा, तर ती हसतात. बाहुल्याचे सांधे दिसतात म्हणतात. नव्या आवृत्तीवरचा राग हा कदाचित या अडकून पडलेल्या विद्येचा राग असेल. तसं असेल तर रीमेक हाच तो शिष्य, ज्याच्या येण्याने सुटका व्हायची. मग त्याच्यावरच दात ओठ का खायचे?

कारण शिष्य नेमकं काय घेऊन जातो, हे आधी कळत नाही. गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये हिचकॉकचा १९६०चा ‘सायको’ पुन्हा काढला. पटकथा तीच, संगीत तेच नव्याने वाजवलेलं, जवळपास प्रत्येक शॉट जुन्यावरहुकूम, फरक मुख्यतः रंगाचा आणि नटांचा. इतकी अक्षरशः पाठांतर केलेली विद्या दुसरीकडे सापडणं कठीण. लोकांना भीती वाटली नाही. सगळं दिलं आणि काहीच पोचलं नाही.

त्याच्या अगदी उलट गोष्ट महाराष्ट्रातल्या एका जंगलात घडली. राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने नारायण धारपांची कथा सांगितली. ते हादरले. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी ती कथा स्वतः वाचली, आणि निराश झाले. छापलेल्या पानात ती भीती नव्हती, ती मित्राच्या सांगण्यात होती. त्या सांगण्यातून पुढे २०१८चा ‘तुंबाड’ उभा राहिला. त्यातल्या आजीचं मूळ धारपांच्या ‘आजी’ या कथेत, आणि धारपांच्या आजीचं मूळ स्टीफन किंगच्या कथेत. अमेरिकेतलं म्हातारं भूत पुण्याच्या लेखकाकडे आलं, तिथून कुणा मित्राच्या तोंडी, रात्रीच्या जंगलात, आणि तिथून कोकणातल्या वाड्यात. या साखळीत मूळ कुठलं? सर्वांत जास्त भीती ज्या ठिकाणी वाटली, ते सांगणं कुठे नोंदलेलंही नाही. त्याचा रीमेक कुणाला करता येणार नाही आणि त्याचं रक्षणही कुणाला करता येणार नाही.

‘तुंबाड’च्या चाहत्यांनी पुढे काय मागितलं, हेही पाहण्यासारखं आहे. त्यांनी नवं रूप मागितलं नाही. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच सिनेमा पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. सहा वर्षांत बदललं काहीच नव्हतं. बहुतेकांना गोष्ट माहीत होती. तरी ते अंधारात, अनोळखी माणसांच्या रांगांमध्ये जाऊन बसले. पाठीमागे कुणीतरी असावं म्हणून?

यावलजवळ अट्रावलला मुंजोबाची यात्रा भरते. एरवी मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर लग्नाआधी गेलेल्या पोराचं भूत, पिंपळावरचं, संध्याकाळी ज्याच्याखालून पोरांना जाऊ देत नाहीत ते. २०२४च्या ‘मुंज्या’ या हिंदी सिनेमात तो कोकणातला झाला, लग्नासाठी हट्ट धरून बसला आणि थिएटरं भरली. अट्रावलला मात्र लोक त्याला नवस बोलतात, फेडायला सहकुटुंब येतात. भीतीचं तेच नाव इथे कुटुंबाच्या आधाराचं होतं. सिनेमाने मुंजाचं काय केलं, यावर यात्रेकरू रागावल्याचं ऐकिवात नाही. त्यांचा मुंजोबा इतका वापरातला आहे की त्याला राखण लागत नाही. तात्या विंचूला लागते. म्हणजे जी भीती वापरातून गेली तिलाच पहारे बसतात, असं म्हणावं, तर ‘झपाटलेला’ आजही घराघरांत लागतो, लोक आजही पाहतात. हाही तर्क पुरत नाही.

केळीच्या बागेत आता ठिबक आलं. मोटार घरातून मोबाइलवर सुरू करता येते. रात्री बागेत एकट्याने शिरायची वेळ फार कमी येते, आणि चकवा लागल्याची गोष्टही क्वचित ऐकू येते. ते कष्ट परत यावेत असं कुणीही म्हणणार नाही, म्हणूही नये. पण ज्याने ती पानं अंधारात वाजताना ऐकलीच नाहीत, त्याच्यासाठी ‘लपाछपी’चा फड कशाच्या जागी उभा राहील?

‘झपाटलेला ३’ची घोषणा झाली आहे. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, २०१३च्या दुसऱ्या भागात ते नव्हते, आणि त्या वेळी चाहत्यांना सर्वांत जास्त खटकलं ते हेच. आता बेर्डे यांना एआयच्या मदतीने पडद्यावर आणण्याचा विचार महेश कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. त्यात प्रेम आहे, यात शंका घ्यायचं कारण नाही. आयुष्यभराच्या मित्राला पुन्हा पाहावंसं वाटणं हे कुणालाही समजेल. पण गेलेल्या माणसाला मंत्राने दुसऱ्या अंगात आणायचं, ही त्या सिनेमात तात्या विंचूची विद्या होती, आणि लक्ष्या तिच्याशी झगडत होता. आता ती विद्या लक्ष्यासाठी वापरायची. चाहत्यांनी हो म्हणावं की नाही? लक्ष्याचं टायमिंग, ती मान हलवणं, ते घाबरून बोबडी वळणं ज्यांना पाठ आहे, ते पहिल्या क्षणाला ओळखतील की हा तो नाही. ज्या पोराने बेर्डे यांना कधी पाहिलंच नाही, त्याला कदाचित काहीच खटकणार नाही. तो हसेल, घाबरेल, आणि त्याच्यापुरता तोच खरा लक्ष्या होईल. त्याला शेजारी बसवून ‘पहिल्याची सर नाही’ म्हणायचं, की गप्प बसून त्याला घाबरू द्यायचं?