कोविड बरा झाला, मग हृदयाचं काय?

"डॉक्टर, त्या दिवशी ईसीजी का नाही काढला?"

हा प्रश्न मला २०२१ च्या जुलैमध्ये एका वहिनींनी विचारला. आवाज चढवला नव्हता, भांडायलाही आल्या नव्हत्या. फक्त विचारला. त्यांचे यजमान माझे जुने पेशंट. कापडाचं दुकान, वय ४६, ब्लड प्रेशरची एक गोळी चालू. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लसीचा पहिला डोस घेतला आणि दहा दिवसांत कोविड झाला. पाच दिवस कोविड सेंटरमध्ये होते. ऑक्सिजन आणि स्टेरॉइड मिळालं, बरे होऊन घरी आले.

जूनमध्ये ते माझ्याकडे आले. माळ्यावरून तागे उतरवताना दम लागतो म्हणाले. ऑक्सिजन ९८, छाती साफ. बाहेर चाळीस माणसं बसलेली. मी "पोस्ट कोविड विकनेस आहे, दोन महिने लागतील" असं सांगून मल्टीव्हिटॅमिन लिहून दिलं. ईसीजीचं मशीन शेजारच्या खोलीत कापडाखाली झाकलेलं होतं. अकरा दिवसांनी पहाटे छातीत दुखलं. ॲसिडिटी समजून घरच्यांनी दोन तास सोडा-लिंबूपाण्यात घालवले. जिल्ह्याच्या गावी अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण हृदयाची पंपिंगची क्षमता, जी साधारण ५५ टक्क्यांच्या वर हवी, ती ३५ वर आली. दाखल करताना साखर २४० होती. स्टेरॉइडनंतर ती परत तपासलीच नव्हती. मीही नाही.

त्या दिवशीचा ईसीजी नॉर्मलही आला असता. शांत बसलेल्या माणसाच्या ईसीजीत अरुंद झालेली रक्तवाहिनी पुष्कळदा दिसत नाही. पण काढायला हवा होता, आणि साखरही. यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. त्यानंतर कोविड आणि हृदय या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं तुम्हाला उपयोगी पडेल तेवढं इथे सांगतो.

सुरुवातीला आपण सगळेच कोविडला फुफ्फुसाचा आजार समजत होतो. पण मार्च २०२० मध्येच वुहानच्या ४१६ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात साधारण दर पाचातल्या एकाच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं होतं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली होती. अशा रुग्णांपैकी निम्मे दगावले, बाकीच्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत होतं. मग जुलैमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टहून बातमी आली की बऱ्या झालेल्या १०० जणांपैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काही ना काही बदल दिसला. जगभर घबराट झाली. त्या लेखातल्या आकडेमोडीवर आक्षेप आले, लेखकांना दुरुस्ती छापावी लागली. मुख्य निष्कर्ष त्यांनी कायम ठेवला. पण एमआरआयवर डाग दिसणं म्हणजे हृदय निकामी होणं नव्हे, हे त्या बातम्यांत हरवून गेलं.

मोठं चित्र फेब्रुवारी २०२२ मध्ये समोर आलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्य नोंदींमधून कोविड झालेल्या सुमारे दीड लाख लोकांची, कोविड न झालेल्या पन्नास लाखांहून अधिक लोकांशी वर्षभर तुलना केली. कोविड झालेल्यांत दर हजारी सुमारे ४५ जणांना जास्तीचा हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास झाला. त्यात हार्ट फेल्युअरचे १२ च्या आसपास आणि ठोके अनियमित होण्याचे ११ च्या आसपास. आयसीयूत गेलेल्यांत धोका सर्वांत जास्त, पण घरीच बरे झालेल्यांतही थोडा वाढलेला. आता हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. ती माणसं बहुतेक पुरुष, गोरी, साठीच्या आसपासची, आणि लस येण्यापूर्वीच्या लाटेतली. शिवाय हा नोंदींचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे.

मग हे होतं कसं? आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. ते रक्त गोठू देत नाही. संसर्गात शरीरभर जी जळजळ उसळते, तिने हे अस्तर बिघडतं, रक्त चिकट होतं, आणि आधीपासून साचलेला चरबीचा थर फुटू शकतो. त्यावर गुठळी बसली की अटॅक. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी कोविडने गेलेल्या आठ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा चरबीच्या थरातल्या पेशींतच विषाणू सापडला. फक्त आठच माणसं, तीही वयस्कर आणि आधीच हृदयविकार असलेली. तरी महत्त्वाचं.

आणि हा मान एकट्या कोरोनाचा नाही बरं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, कोविडच्या आधी, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट दिसलं होतं. आपण डॉक्टरांनीही ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

आता तो प्रश्न, जो मला लग्नात, बसस्टँडवर, कुठेही विचारला जातो. "लसीमुळेच अटॅक येतात ना?" माझ्या त्या पेशंटच्या आईंचंही हेच मत. त्यांचा क्रम त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे: आधी लस, मग अटॅक. मधला कोविड, स्टेरॉइड, वाढलेली साखर आणि वीस वर्षांची तंबाखू त्या हिशेबात धरत नाहीत. एका माणसाकडे बघून कारण ठरवता येत नाही, ना त्यांना, ना मला. म्हणून मोठा अभ्यास लागतो. आयसीएमआरने देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, धडधाकट असताना अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि त्यांच्यासारख्याच २,९१६ जणांशी ताडून पाहिली. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. वाढलेला दिसला तो कोविडसाठी ॲडमिट व्हावं लागलेल्यांत, घरात आधी कोणी अचानक गेलं असेल तर, आणि आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू किंवा अतिश्रम झाले असतील तर. एमआरएनए प्रकारच्या लसींनंतर काही तरुण मुलांत हृदयाच्या स्नायूला सूज आली, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण आपल्याकडे बहुतेकांना कोव्हिशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन मिळाली, ज्या त्या प्रकारच्या नाहीत.

औषधांबद्दल दोन गोष्टी. २०२० मध्ये एका फॉरवर्डमुळे माझ्या कितीतरी पेशंटांनी ब्लड प्रेशरच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या, कारण म्हणे त्या विषाणूला पेशीत शिरायला मदत करतात. ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर हे नीट तपासलं. गोळ्या थांबवल्याने काही फायदा झाला नाही. दुसरं, ॲस्पिरिन. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दाखल रुग्णांना ते देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. तरी "रक्त पातळ राहील" म्हणून कोविडनंतर स्वतःच सुरू केलेली माणसं मला अजून भेटतात. पोटातून रक्तस्राव होऊन आलेलेही भेटलेत.

प्रत्येकाने डी-डायमर, एमआरआय करत सुटावं असं माझं म्हणणं नाही. तुम्हाला ताप येऊन गेला, कोविडचा असो की फ्लूचा, आणि त्यानंतर पूर्वी जमणाऱ्या जिन्यावर दम लागतोय, छाती भरून येतेय, बसल्या जागी धडधडतंय, चक्कर येतेय, पायावर सूज आहे, तर "अशक्तपणा असेल" हे तुम्ही ठरवू नका आणि डॉक्टरलाही घाईत ठरवू देऊ नका. ईसीजी, साखर, ब्लड प्रेशर, हिमोग्लोबिन एवढं तरी मागून घ्या. गरज वाटली तर टू-डी एको. ॲडमिट झाला असाल, डायबेटिस असेल, तर जास्तच. छातीत दुखतंय आणि घाम फुटलाय, तर सोडा पिऊन बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

ते पेशंट आता गोळ्या नियमित घेतात, तंबाखू सुटली आहे, पंपिंग ४५ पर्यंत आलंय. तागे मुलगा उतरवतो. गेल्या महिन्यात वहिनी स्वतः आल्या होत्या, तापानंतर आठ दिवस दम लागतोय म्हणून. मी काही विचारायच्या आत त्या शेजारच्या खोलीत जाऊन टेबलावर आडव्या झाल्या होत्या. ईसीजी नॉर्मल होता. हिमोग्लोबिन आठ निघालं.