घरोघरी पोहोचलेली वस्तू आणि भागधारकाचा वाटा

गोंदिया जिल्ह्यात पैसा कोणत्या महिन्यात खेळू लागतो आणि कोणत्या महिन्यात आटतो, याचे ज्ञान येथील किरकोळ दुकानदारास जितके अचूक असते तितके ते मुंबईच्या दलालपेढ्यांतील विश्लेषकांस असू शकत नाही, असे मी दीर्घ अनुभवाने मानत आलो आहे. हलके धान दिवाळीच्या आगेमागे कापणीस येते, भारी धान त्यानंतर. आधारभूत खरेदी केंद्रांवर मापे सुरू होतात, आणि धानाचे चुकारे खात्यांत जमा होऊ लागले म्हणजे आमगाव, तिरोडा, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव येथील मोबाइलच्या व टीव्हीच्या दुकानांत, एरवी भाव विचारून परत जाणारा शेतकरी कुटुंबासह येऊन बसतो. चुकारे रखडले तर खरेदीही रखडते, आणि भाऊबीजेनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत पाहुणे पूर्वीइतकेच आले तरी दुकानदाराच्या वहीत उधारीचे रकाने वाढतात. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानास क्विंटलमागे २,३६९ रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. आदल्या वर्षी ती २,३०० होती. या हिशेबाने दहा हजारांचा एक मोबाइल म्हणजे सुमारे सव्वाचार क्विंटल धान होय, आणि त्यातून बियाणे, खत, रोवणीची मजुरी व सोसायटीचे कर्ज वजा केल्यावर तो मोबाइल प्रत्यक्षात किती धानास पडतो, हे ज्याने त्याने आपल्या बांधावर उभे राहून मोजावे.

समभागांची प्रमाणपत्रे कागदी असत आणि टपालाने येत, त्या काळापासून मी माझ्या अल्प बचतीतून समभाग घेत आलो आहे, आणि ग्राहकांच्या रोजच्या वापरात येणारी यंत्रे व सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास हा माझ्या आवडीचा विषय राहिला आहे. अशा कंपन्यांविषयी सामान्य गुंतवणूकदाराचा तर्क बहुधा असा चालतो की, जी वस्तू मी वापरतो, माझा शेजारी वापरतो, ज्या वस्तूवाचून बाजारात कोणाचे पान हलत नाही, ती निर्माण करणाऱ्या कंपनीचा भागधारक सधन झालाच पाहिजे. हा तर्क वरकरणी निर्दोष दिसतो. परंतु वस्तू घरोघरी पोहोचणे आणि तिचा नफा भागधारकाच्या पदरी पोहोचणे या दोन घटनांमध्ये कर्ज, सरकारी धोरण, स्पर्धा आणि प्रवर्तकांची महत्त्वाकांक्षा अशी अनेक नाकी आहेत, आणि प्रत्येक नाक्यावर काही ना काही वसूल होत जाते, हे आपल्याच राज्यातील एका मोठ्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

ते उदाहरण व्हिडिओकॉनचे. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, आणि त्यानंतरच्या काळात तेव्हाच्या औरंगाबादेजवळ चितेगाव येथे पसारा उभारणाऱ्या या मराठवाड्यातील उद्योगसमूहाचा टीव्ही संच महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. पुढे धुलाई यंत्र, शीतकपाट, वातानुकूलन यंत्र असा विस्तार होत गेला. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असेच ते कर्तृत्व होते, आणि ते मी आजही मोलाचे मानतो. मात्र २००५ मध्ये, जगभर सपाट पडद्याचे युग उजाडत असताना, समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. तेल व वायूच्या शोधात परदेशी क्षेत्रांत भांडवल गुंतविले. दूरसंचाराचे परवाने घेतले, आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे १२२ परवाने रद्द केले त्यांत याही समूहाचे परवाने होते. संच विकून मिळणारा पैसा या साहसांना पुरण्यासारखा नव्हता, म्हणून कर्ज काढले गेले, आणि कर्जावर कर्ज चढत गेले. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. सुमारे ६४ हजार कोटींचे दावे मान्य झाले असताना २०२१ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत सुमारे २,९६२ कोटींचा प्रस्ताव होता. धनकोंनाच रुपयामागे पाच पैसेही मिळत नव्हते, तेथे भागधारकांच्या वाट्यास शून्य आले. ती योजना पुढे अपिलात रद्द झाली हे खरे, परंतु भागधारकाचे गेलेले मूल्य त्यामुळे परत आले नाही. घराघरातील संच चालू होता, चित्र स्वच्छ दिसत होते, आणि त्या संचावर ज्याचे नाव होते त्या कंपनीच्या समभागाची किंमत उरली नव्हती.

म्हणून कोणत्याही कंपनीचा ताळेबंद हाती आला की मी प्रथम कर्जाचे पान उघडतो, आणि विक्रीचे आकडे नंतर पाहतो.

दुसरे नाके सरकारी धोरणाचे. गोंदियाच्या बाजारात आज भाजीवालीपासून सराफापर्यंत प्रत्येकासमोर चौकटींचा तो कोड लटकलेला आहे, आणि जमा झालेली रक्कम मोठ्याने उच्चारणारी पेटीही अनेकांपाशी आहे. देशाच्या अर्थव्यवहारास यूपीआयने दिलेली ही देणगी अपूर्व आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु १ जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. अर्थात समाजास जी सेवा अमोल ठरली, तिचे मूल्य ती पुरविणाऱ्या कंपनीस थेट वसूल करता येत नाही, आणि तिने पेटीच्या भाड्यावर, कर्जवाटपाच्या दलालीवर व सरकारी प्रोत्साहनावर भिस्त ठेवावी लागते. पेटीएमचा समभाग नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांस विक्रीस आला तेव्हा घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा विचार केला असेल? १८ नोव्हेंबरला बाजारात नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी तो सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. पुढे ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने संलग्न पेमेंट्स बँकेस नव्या ठेवी स्वीकारण्यास प्रतिबंध केला, तेव्हा तर भाव आणखी कोसळला. भागविक्रीच्या दस्तऐवजात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती: उभारायच्या १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी कंपनीच्या तिजोरीत जाणार नसून, आपले समभाग विकणाऱ्या जुन्या भागधारकांच्या हाती पडणार होते.

याच्या शेजारी झोमॅटोची भागविक्री ठेवून पाहावी. जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांस समभाग देऊन उभारलेल्या ९,३७५ कोटींपैकी ९,००० कोटी कंपनीकडे आले. कंपनी तोट्यात होती. पण तोटा हा स्वतः दोष नव्हे, तो कशापायी होत आहे याची चौकशी करावी लागते, हे माझे मत या उदाहरणाने दृढ झाले. जून २०२२ मध्ये काही मिनिटांत किराणा घरपोच देणारी ब्लिंकिट विकत घेण्याचा निर्णय झाला तेव्हा बाजाराने त्याचा धिक्कार केला, आणि जुलैअखेर भाव ४१ रुपयांच्या आसपास उतरला. एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत कंपनीने प्रथमच नफा दाखविला, तो अवघा दोन कोटींचा. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचा समावेश सेन्सेक्समध्ये झाला. तिचे आजचे नाव इटर्नल आहे. तिजोरीत रोकड होती आणि कर्जाचे ओझे नव्हते, म्हणून चुका सुधारण्यास तिला अवधी मिळाला. हाच अवधी व्हिडिओकॉनला त्याच्या सावकारांनी दिला नाही.

तथापि या कंपन्यांच्या भवितव्याविषयी जो अमर्याद उत्साह दाखविला जातो, त्यात मी सहभागी होऊ शकत नाही. त्यांच्या बहुतेक दस्तऐवजांचा आरंभ देशाच्या एकशे चाळीस कोटी लोकसंख्येने होतो. माझ्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. दहा मिनिटांत किराणा घरपोच देणारा व्यवसाय दाट वस्तीवर आणि वारंवार येणाऱ्या मागणीवर जगतो; देवरी किंवा सालेकशाच्या जंगलपट्ट्यात, जेथे एका टोल्यापासून दुसरा टोला दूर आहे आणि उन्हाळ्यात तेंदूपानांच्या मजुरीवर घर चालते, तेथे तो उभा राहणार नाही. यात त्या गावांचे काही न्यून नाही. न्यून आहे ते लोकसंख्येलाच ग्राहकसंख्या समजणाऱ्या हिशेबात. ग्राहक म्हणजे मिळकतीतून गरजा भागवून ज्याच्यापाशी काही उरते तो, आणि हे उरणे वाढल्याखेरीज या कंपन्यांची विक्री एका मर्यादेपलीकडे जाणार नाही, मग तंत्रज्ञान कितीही कुशल असो.

मिळकतीची उणीव सध्या हप्तेबंदीने भरून काढली जाते. पुण्यातून कारभार चालविणाऱ्या बजाज फायनान्सने टीव्ही, शीतकपाट व मोबाइल यांसाठी दुकानातच कर्ज देण्याची पद्धत देशभर रुजविली, आणि भागधारकांस तिने दीर्घकाळ उत्तम लाभ दिला, हे मान्य केले पाहिजे. पण हप्त्यावर झालेली आजची खरेदी पुढील हंगामाच्या चुकाऱ्यांतून फेडायची असते. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तारणाविना दिलेल्या ग्राहककर्जांचे जोखीमभारांक १०० वरून १२५ टक्क्यांवर नेले, त्यामागे हीच चिंता होती असे मी समजतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रे व मोठ्या पडद्याचे टीव्ही यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेही स्वागतार्ह आहे. मात्र करकपातीने लांबलेली खरेदी अलीकडे येते, आणि टिकाऊ मागणी क्विंटलमागे वाढलेल्या ६९ रुपयांतून यायची असते.

या सर्वांहून मला अधिक काळजी वाटते ती गोंदियातील तरुणांची. मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती सुमारे चार कोटी होती. मार्च २०२४ पर्यंत ती पंधरा कोटींवर गेली. खाते उघडण्यास पूर्वी नागपूरपर्यंत पाठवावे लागणारे कागद आज हातातल्या मोबाइलवर क्षणात पूर्ण होतात, आणि लहान गावच्या बचतीस भांडवल बाजाराचे दार उघडले, ही मोठी सुधारणा आहे. पण ज्या ॲपवर हे खाते उघडते तेही ग्राहकोपयोगी तंत्रज्ञानाचाच एक व्यवसाय आहे, आणि त्याचे उत्पन्न बहुतांशी आपण किती सौदे करतो यावर अवलंबून आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. यांतील काही पैसा निश्चितच आमच्या धानाचा असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

तेव्हा या अंकाच्या तरुण वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे की, वायद्यांच्या व्यवहारापासून त्यांनी पूर्णतः दूर राहावे. आणि नव्या कंपनीचा समभाग घ्यावयाचा असेल तर तिचा भागविक्रीचा दस्तऐवज, जो सेबीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, समोर ठेवून तीन गोष्टी स्वतः वहीत उतरवून घ्याव्यात: उभारलेल्या रकमेपैकी किती कंपनीकडे जाणार आहे, कंपनीवर कर्ज किती आहे, आणि जी सेवा ती देते तिचे मूल्य ग्राहकाकडून कोणत्या मार्गाने वसूल होणार आहे. तिसऱ्याचे उत्तर सापडले नाही तर समभागासाठी अर्ज करू नये.