कशावरून?

डोंगरावर धूर दिसतो, तस्मात् तेथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पहिले अनुमान. अँटॉप हिलच्या पायथ्याशी एका शाळेत आम्ही विज्ञान शिकवितो. तेव्हा डोंगर आम्हांस आयताच लाभला आहे. धुराचीही वाण नाही. वाण आहे ती हेतूची. आमची मुले उत्तर चटकन देतात, पण ‘कशावरून?’ असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो, आणि कोणी तरी हळूच म्हणतो, ‘पुस्तकात आहे.’

वडाळ्याच्या बाजूस एके काळी मीठ पिकत असे. म्हणून आम्ही विचारले, मिठागरातील पाणी जाते कोठे? एक पक्ष म्हणाला, वाफ होऊन जाते. दुसरा म्हणाला, जमिनीत मुरते. पुस्तकाचे नाव घेण्यास आम्ही मनाई केली. तेव्हा एका मुलीने मिठाचे पाणी स्टीलच्या ताटलीत घालून उन्हात ठेवावयास सुचविले. ताटलीत मुरण्यास वाव नाही. यथाकाल पाणी गेले, पांढरा थर उरला, आणि पहिल्या पक्षाने जयघोष केला. इतक्यात दुसऱ्या पक्षातील मुलगा उठून म्हणाला, ‘पण मिठागराचा तळ स्टीलचा कोठे आहे?’

आक्षेप बिनतोड होता. मुरल्यावाचूनही पाणी जाऊ शकते, एवढेच ताटलीने सिद्ध केले होते. पुष्कळ वादानंतर वर्गास सुचले की, मुरणारे पाणी विरघळलेले मीठ बरोबर नेते. तस्मात् जमिनीवर उरलेले मीठ हे वाफ झालेल्या पाण्याचेच होय. मिठागराची जमीन चोपून घट्ट का करतात, तेही मग उलगडले. मुरण्याची भीती खरीच असते. तो मुलगा अगदीच चुकला नव्हता.

अन्नंभट्टाने सतराव्या शतकात तर्कसंग्रहात अनुमानाचे दोन प्रकार सांगितले: स्वतःपुरते ते स्वार्थ, दुसऱ्यास पटवून देण्यासाठी ते परार्थ. परार्थास प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असे पाच अवयव लागतात. स्टीफन टूल्मिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८ साली विधान, आधार व त्यांना जोडणारा दुवा यांची मांडणी केली. आज अनेक देशांतील विज्ञानशिक्षक तिचा आश्रय करतात. दोहोंचे मर्म आमच्या मते एकच: आपले म्हणणे दुसऱ्यास तपासता येईल अशा रीतीने मांडणे. पाठांतरात हा दुसरा माणूसच नसतो.

वैज्ञानिक दृष्टी वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ साली आपल्या राज्यघटनेत लिहिले गेले. परंतु ताटलीवरील त्या आक्षेपास परीक्षेत गुण नाहीत. उद्या याच मुलांच्या दारी कोणी हमखास गुणाचे औषध, कोणी गंडा, कोणी दामदुपटीची योजना घेऊन येईल. त्या वेळी मिठागराचे उत्तर त्यांच्या उपयोगी पडणार नाही. तो प्रश्न विचारण्याची सवय पडेल. ती शाळेत न लागली, तर पुढे कोठे लागणार, हे आम्हांस दिसत नाही.